आठात आठवी

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला दोन गोष्टी एकदम होतात. ऑफिसची स्टँड-अप मीटिंग सुरू होते आणि फोनवर लीगची स्टँडिंग्ज, म्हणजे कोण कितव्या नंबरावर याचा तक्ता, येऊन पडतात. मीटिंगमध्ये सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, मी टेबलाखाली. मध्यंतरी मॅनेजरने विचारलं, ‘एनी ब्लॉकर्स?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हिरव्या.’

खुलासा करते. मी फ्लोरिडात टॅम्पाला राहते, वय एकेचाळीस, आणि मार्चपासून दर रविवारी सकाळी कमरेला पट्टा बांधून बायकांच्या फ्लॅग फुटबॉल लीगमध्ये धावते. ऑफिसातल्या मैत्रिणीने भरीला घातलं. ‘काही नसतं गं, समोरचीच्या कमरेची चिंधी ओढायची, बस्स.’ म्हटलं, सांगलीत वाढलेय, गल्लीत कबड्डी खेळलेय, चिंधी काय, माणूस ओढू. पण माणूस ओढायला बंदी आहे. हे अमेरिकन फुटबॉलच, फक्त हाडं शाबूत ठेवून. एका बाजूला पाच जणी. पाडायचं नाही, ढकलायचं नाही. चेंडूवालीच्या पट्ट्याला लोंबणारा फ्लॅग उपटला की खेळ तिथेच थांबतो. आपल्या टोकापासून पाच यार्डांवर सुरुवात करायची, चार प्रयत्नांत मधली रेषा गाठायची, ती गाठली तर आणखी चार प्रयत्नांत पलीकडचा एंड झोन. थोडक्यात, चढाई करायची आणि परत यायचं नाही. माझ्या बाबतीत हा शेवटचा भाग फारसा उद्भवत नाही, कारण मी पलीकडे पोचतच नाही.

संघांना नावं आहेत, पण ती कोणी वापरत नाही. शर्टाच्या रंगावरूनच ओळख. आठ रंग, सात रविवार, प्रत्येकीशी एकदा गाठ. आम्ही पिवळ्या. हळदीच्या दिवशी चुकून मैदानावर पोचलेलं वऱ्हाड दिसावं तशा दिसतो. आमची क्वार्टरबॅक बँकेत कर्ज मंजूर करते, त्यामुळे चेंडू कोणाला द्यायचा याचा विचार करायला तिला वेळ लागतो. नियम सात सेकंदांचा आहे. तेवढ्यात आमच्याकडे कागदपत्रंही तपासून होत नाहीत.

आणि समोर कोण? मुलींच्या फ्लॅग फुटबॉलला शालेय खेळ म्हणून राज्य पातळीवर मान्यता देणारं पहिलं राज्य फ्लोरिडाच. म्हणजे मी दहावीत ‘संस्कृत घ्यावं की संपूर्ण हिंदी’ यावर अडले होते, त्या वयात समोरच्या जांभळ्या शर्टातल्या पोरी शाळेच्या संघातून हे खेळत होत्या. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला ३३-० हरवलं. गाडीत बसताना कॅप्टनने धीर दिला. म्हणाली, २०२२ साली बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड गेम्समध्ये मेक्सिकोच्या बायकांनी फायनलला खुद्द अमेरिकेला ३९-६ हरवलं होतं. मी मनात वजाबाकी केली. तेहेतीस. म्हणजे आम्ही आणि अमेरिकेचा राष्ट्रीय संघ अगदी सारख्याच फरकाने हरलो. घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘त्या फायनलला हरल्या.’ काही माणसांना आकडेमोडीतलं सौंदर्य कळत नाही.

आता तक्ता. खरं दुखणं तिथे आहे.

खेळताना हरलं की दहा मिनिटं वाईट वाटतं, मग कोणीतरी संत्र्याच्या फोडी काढतं आणि संपतं. तक्ता मात्र आठवडाभर टिकतो. त्यात विजय, पराभव, बरोबरी, मग टक्केवारी, मग गुणांचा फरक असे रकाने असतात. आपण क्रिकेटवाले, आपल्याला जिंकले की दोन गुण आणि पुढे नेट रन रेटचा घोळ, एवढं कळतं. इथे गुणच नाहीत, सगळा टक्केवारीचा कारभार, आणि टक्केवारीही शंभरात नाही. तीन आकडी दशांश, त्यातही पुढचं शून्य गाळलेलं. निम्मे सामने जिंकले की .५००, आणि बोलताना म्हणायचं ‘फाइव्ह हंड्रेड’. पहिल्या आठवड्यात केशरी संघातली एक बाई म्हणाली, ‘आम्हाला यंदा फाइव्ह हंड्रेड झाले तरी पुष्कळ.’ मला वाटलं, पाचशे डॉलर बक्षीस आहे. पुढचे चार दिवस मी घरी हे बक्षीस कुठे खर्च करायचं याची चर्चा केली.

आईला हा तक्ता मी दर सोमवारी पाठवते. पाठवावाच लागतो. आमचे नऊ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेसहा, दिवा लावून ती फोनपाशी बसलेली असते. छत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. माझ्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. पहिला प्रश्न तोच, जो बालवाडीपासून आहे.

‘कितवा नंबर?’

‘आठवा.’

‘कितीत?’

‘आठात.’

शांतता. मग, ‘दशांशचिन्हाच्या आधीचं शून्य कुठे गेलं? मी अर्धा मार्क कापला असता.’

तर हिरव्या. दुसऱ्या रविवारी आमची त्यांच्याशी गाठ पडली आणि नवल म्हणजे सामना चुरशीचा झाला. शेवटच्या मिनिटाला आम्ही टचडाउन केलं, म्हणजे चेंडू घेऊन एंड झोन गाठला, १२-१३. टचडाउननंतर जादा प्रयत्न मिळतो. पाच यार्डांवरून जमवला तर एक गुण, दहावरून जमवला तर दोन. कॅप्टन म्हणाली, दोन. कर्ज अधिकाऱ्याने पहिल्यांदाच झटकन निर्णय घेतला आणि चेंडू थेट माझ्याकडे फेकला. मी तो झेलला. हे वाक्य पुन्हा वाचलंत तरी चालेल. झेलला आणि पळत सुटले, हिरवीचा हात माझ्या कमरेपाशी आला, तरी मी एंड झोनमध्ये शिरले. १४-१३! पोरी माझ्या अंगावर येऊन पडल्या.

आणि मैदानात पिवळा रुमाल पडला.

या खेळात फ्लॅग दोन असतात. एक आपल्या कमरेला, एक रेफरीच्या खिशात. पहिला गेला तर जागा जाते, दुसरा पडला तर अब्रू. ‘फ्लॅग गार्डिंग,’ रेफरीने जाहीर केलं. फ्लॅगवर हात आडवा धरायचा नसतो आणि मी धरला होता. मुद्दाम नाही हो! एसटीत, जत्रेत, सिनेमाच्या रांगेत जिचं आयुष्य गेलंय, तिच्या कमरेपाशी परका हात आला की आपला हात आपोआप खाली जातो. डोक्याला विचारत नाही. हे रेफरीला समजावून सांगायला एसटी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. तो विशीतला मुलगा, त्याला पुढचा सामना होता. दोन गुण रद्द. १२-१३.

त्यानंतर हिरव्या फुटल्या. तिसरा सामना हरल्या आणि चौथ्या रविवारी आल्याच नाहीत. एकीची बदली झाली, दोघींचं भांडण झालं, एकीला डोहाळे लागले. संघ विसर्जित. लीगच्या कारभाऱ्यांनी उरलेले चार सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल केले, म्हणजे चार संघांना घरबसल्या एकेक विजय. आम्हाला अर्थातच नाही. आम्ही त्यांच्याशी आधीच खेळून, आधीच हरून बसलो होतो. जगात एकच संघ आहे ज्याला हिरव्यांनी हरवलं, तो आमचा.

मधल्या एका रविवारी आम्हीही एक जिंकलो, ७-६. समोरच्या केशऱ्या पाच जणीच आल्या होत्या आणि त्यातली एक हाफटाइमला मुलाला वाढदिवसाच्या पार्टीला सोडायला निघून गेली. चौघींविरुद्ध पाच जणी, तरी एकाच गुणाने, पण विजय तो विजय. सोमवारी मी तक्ता मोठ्या आशेने उघडला. आम्ही आठव्या.

सातव्या हिरव्या.

दोघींचा एकेक विजय. सारखं झालं की आधी बघतात आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं. त्या जिंकल्या होत्या. गुणांचा फरक वगैरे पुढची गोष्ट, तिथपर्यंत पाळीच आली नाही. म्हणजे जो संघ अस्तित्वात नाही, ज्याचे शर्ट एव्हाना कोणाच्या तरी गॅरेजमध्ये फरशी पुसायला लागले असतील, तो आमच्या वर. पुढच्या आठवड्यात पुन्हा वर. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. आम्ही उन्हात पळतोय, विजा चमकल्या की पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसतोय, पुन्हा येऊन हरतोय. त्या काहीच करत नाहीयेत आणि वर आहेत. ऑफिसात अशी दोन माणसं मला माहीत आहेत, पण त्यांना निदान यावं तरी लागतं.

आईला हे समजावायला मी घाबरत होते. उलट तिला एका दमात कळलं. ‘शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव पटावर राहतं कधीकधी,’ ती म्हणाली. ‘पण तो तुझ्यापेक्षा हुशार कसा निघाला?’

मला झोपेना. रात्री दोन वाजता मी कागदावर गणितं मांडायची. उरलेल्या दोन सामन्यांत एक विजय मिळाला की झालं. नवरा म्हणाला, तू पहिल्या नंबरासाठी कधी एवढा अभ्यास केला नाहीस. खरंय. पहिल्या नंबराला समोर कोणीतरी असतं. इथे मी भुताशी भांडत होते, आणि त्या भुताला वर बसवणारा तो एक हात माझाच होता. सहाव्या रविवारी मैदानावर जाताना मी हात मागे बांधायचा सराव केला. हात मागे बांधलेल्या बाईकडे कोणी चेंडू टाकत नाही. हरलो.

उरला शेवटचा सामना, निळ्यांशी. आदल्या रात्री आईचा फोन. तिने कुठेतरी वाचलं होतं की हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणार आहे. ‘आणि ठरलं कुठे माहीत आहे का? मुंबईत! ऑक्टोबर २०२३ च्या बैठकीत, क्रिकेटच्या बरोबरच!’ हे खरंच आहे. ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईला भरलं होतं आणि क्रिकेट नि फ्लॅग फुटबॉल एकाच दिवशी आत घेतले. आईच्या आवाजावरून वाटलं की मुंबईत ठरल्यामुळे आता आमच्या घराण्यावर काही जबाबदारी येऊन पडली आहे. मी म्हटलं, आई, मला हिरव्यांच्या पुढे जायचंय, तेवढंच. ती म्हणाली, ‘बरोबरी झाली तर?’

मी उठून बसले. बरोबरी! एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, १९७२ च्या आधी बरोबरीचा सामना टक्केवारीत धरतच नसत. मग त्यांनी तो अर्धा विजय नि अर्धा पराभव मानायला सुरुवात केली, आणि आमची लीगही तसंच मानते. म्हणजे सातपैकी दीड. आईने तोंडी सांगितलं, ‘शून्य पूर्णांक दोनशे चौदा सहस्रांश. हिरव्या एकशे त्रेचाळीसवर.’ शून्यावर जोर दिला होता.

निळ्यांशी आम्ही जो सामना खेळलो त्याला खेळ म्हणणं बरं नव्हे. ६-६ झाले तेव्हा पंधरा मिनिटं शिल्लक होती आणि आमच्या कॅप्टनला जिंकायचं होतं. मला नव्हतं. मला वेळ काढायचा होता. मी बुटाची नाडी बांधली. दुसऱ्या बुटाची बांधली. रेफरीला नियम विचारले. तो तोच मुलगा होता; माझे हात बघत बघत उत्तरं देत होता. शेवटच्या प्रयत्नाला निळ्यांची एक लांब टांगांची पोर एकटी सुटली, मी मागे. दुसरं कोणीच नव्हतं. मी झेप घेतली, तोंडात गवत गेलं, उठून बघते तर मुठीत निळा फ्लॅग. पोळी लाटल्यासारखं सपाट झालेलं माझं अंग आणि त्या मुठीचा फोटो लेकीने काढलाय. घरच्या ग्रुपवर आहे.

सोमवार. नऊ वाजले. पिवळ्या, विजय एक, पराभव पाच, बरोबरी एक, .२१४. सातव्या. खाली, सगळ्यांत खाली, हिरव्या. मी मीटिंगमध्ये माइक बंद करायला विसरले होते, तो आनंद सात जणांनी ऐकला. आईला लगेच कळवलं. ‘सातवी आलीस?’ ती म्हणाली, ‘थांब, शेजारच्या काकूंना सांगून येते.’ त्या काकूंचा नातू जेईईला बसतो, त्यामुळे त्यांच्याकडे नंबर नुसता तोंडी चालत नाही, तक्ता दाखवावा लागतो. तोही दाखवून आली.

बारा वाजता दुसरी मेल आली. ‘सुधारित.’ विसर्जित झालेला संघ अंतिम तक्त्यात धरणं योग्य नाही असं कारभाऱ्यांच्या, मोसम संपल्यावर, लक्षात आलं होतं. हिरव्यांची ओळ काढून टाकली, त्यांच्याशी झालेले सगळे सामने काढून टाकले. चार संघांचे फुकटचे विजय गेले. आमचा १२-१३ चा पराभवही गेला, तो पिवळा रुमाल गेला, माझा हात गेला. त्या सामन्यात मी झेललेला चेंडूही गेला, हे मात्र मला लागलं. आता आमचे सहा सामने, टक्केवारी थेट .२५०.

संघ सात. पिवळ्या सातव्या.

सांगलीत रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तरी मी आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने मनातल्या मनात गणित केलं असावं.

‘पाव झाले की. टक्के वाढले तुझे,’ ती म्हणाली. ‘आणि काकूंना मी सातवी आली एवढंच सांगितलंय. कितीत, ते त्यांनी विचारलं नाही.’

‘पण तू तक्ता दाखवलास ना?’

‘त्यांचा चष्मा सापडत नव्हता,’ आई म्हणाली. ‘आता मिळायच्या आत झोप.’