पिग्मी मोडायला आलेल्या बायका

चौदा वर्षं मी बेळगावच्या वडगावातल्या एका क्रेडिट सोसायटीत काउंटरला बसतेय, त्यामुळं मंदी आलीय का गेलीय हे मला पेपरातनं कळत नाही, पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडे थोडे भरायच्या बचतीच्या पुस्तकातनं कळतं. रोज पन्नास, रोज शंभर न चुकता भरणारी बाई एक दिवस भर दुपारी पदराला हात पुसत येते आणि म्हणते, वैनी, पुस्तक मोडायचं होतं. मुदतीआधी मोडलं की व्याज जातं, वर थोडे पैसे कापले जातात, हे तिला पाठ असतं. तरी मोडते.

मी विचारते, का हो अक्का, धंदा बसला काय? तर बहुतेक वेळा धंदा बसलेलाच नसतो! तिच्या चकलीला गिऱ्हाईक असतं, तिच्याकडं ब्लाऊज शिवायला पडलेले असतात. बंद पडलेला असतो तो नवऱ्याचा माग, नाहीतर उद्यमबागेतलं फाउंड्रीचं काम. घरात येणारा पगार थांबला की घर तिच्या भांडवलावर जेवायला बसतं. पहिल्या महिन्यात पिग्मी, दुसऱ्या महिन्यात उडदाच्या डाळीला ठेवलेले पैसे, तिसऱ्या महिन्यात कानातलं. चौथ्या महिन्यात नवऱ्याचं काम परत सुरू होतं, पण तोवर हिच्याकडं डाळ आणायला पैसे नसतात. म्हणजे धंदा मंदीनं बुडत नाही, घर खाऊन टाकतं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कुणी "बायकांना धंदा जमत नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या आईचंच सांगते. ती चकली, कडबोळी, शेवया करायची, खडेबाजारातल्या दोन दुकानांत माल जायचा. मशीन घ्यायचं म्हणून तांदळाच्या डब्यात पैसे साठवत होती, तेवीस हजार, घरात कुणाला पत्ता नाही. २०१६ च्या ८ नोव्हेंबरला रात्री आठला टीव्हीवर सांगितलं की पाचशे हजारच्या नोटा बंद, आणि आई चूल तशीच सोडून डब्याजवळ जाऊन बसली. तिचं स्वतःचं खातंच नव्हतं. पैसे बाबांच्या खात्यावर भरले, दुसरा मार्गच नव्हता. भरले म्हणजे सगळ्यांना कळले, आणि कळल्यावर ते "घरातले पैसे" झाले. त्यातनं घराची कौलं शाकारली, भावाची फी गेली, मशीन आलं नाही. बाबा वाईट माणूस नव्हते, सांगून ठेवते. त्यांना मनापासून वाटलं की अडीनडीला बायकोनं साठवलेलं कामाला आलं. पण ती अडीनडीची पुंजी नव्हती ना, ते भांडवल होतं! नोटबंदीवर किती चर्चा झाली, काळा पैसा, डिजिटल वगैरे, पण डब्यातला पैसा उघडा पडला म्हणजे बाईच्या हातातनं काय गेलं यावर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस असा लागला की वडगाव-खासबागेत मागाच्या खड्ड्यात पाणी शिरलं, सूत भिजलं, तयार साड्या गेल्या. पंचनामा मागाचा होतो, कांड्या भरणाऱ्या बाईचा होत नाही. आणि त्यातनं वर येतोय तोवर २५ मार्च २०२० चा लॉकडाऊन. आता महिना बघा. चैत्र-वैशाख म्हणजे आमच्याकडं वाळवणाचा सीझन, पापड शेवया सांडगे, लग्नसराईच्या ऑर्डरी. वर्षभराची कमाई या दोन-अडीच महिन्यात. तीच गेली. गोव्याची हद्द बंद, महाराष्ट्राच्या हद्दीवर शिनोळीला पलीकडं जाता येईना. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालूच होतं हे कित्येक बायकांना सप्टेंबरात कळलं. केंद्राच्या स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं कर्ज आलं, चांगली योजना, पण ती रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी. घरात तळून दुकानात देणारी बाई फेरीवालीत बसत नाही आणि कारखानदारात पण नाही. मुद्रा कर्ज आहे, त्यातल्या शिशू गटात पन्नास हजारापर्यंत विनातारण, पण पहिला प्रश्न धंद्याचा पुरावा काय? उतारा सासऱ्याच्या नावावर, लाइटबिल नवऱ्याच्या नावावर, हिच्या नावावर फक्त पिग्मीचं पुस्तक. आणि ते तर मोडलेलं.

२०२२ ला युक्रेनचं युद्ध लागलं, सूर्यफुलाचं तेल तिकडनंच जास्त यायचं, भाव भडकले. हॉटेलवाल्यानं दुसऱ्या दिवशी रेट वाढवला. चकलीवालीनं नाही वाढवला, कारण तिचं गिऱ्हाईक म्हणजे शेजारीण, नणंद, पोराच्या शाळेतल्या मॅडम.

मग येतात मायक्रोफायनान्सवाले. दहा बायकांचा गट, एकीनं नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं, आठवड्याला हप्ता. कागदावर कारण लिहिलेलं "पापड उद्योग" आणि पैसे गेलेले दिराच्या ऑपरेशनला. मग एकाचा हप्ता फेडायला दुसरं कर्ज. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातनं वसुलीच्या त्रासाच्या कितीतरी बातम्या आल्या, फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं अध्यादेश काढला, जबरदस्तीनं वसुली केली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, पाच लाखापर्यंत दंड. पाहिजेच होता. पण तो दारातल्या माणसाला थांबवतो, बाई त्या दारापर्यंत का गेली ते विचारत नाही. आणि करारपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तरी आमच्या मराठी बायका न कळणाऱ्या कागदावर सह्या करतात.

मध्यंतरी एक वाचण्यात आलं. श्रीलंका, घाना आणि आपल्या कोलकात्यातल्या छोट्या धंद्यांची आकडेवारी अर्थशास्त्रज्ञांनी परत तपासली. आधी वाटायचं की बाईच्या धंद्यात पैसे घातले तरी नफा वाढत नाही. नीट बघितल्यावर कळलं, घरात नवऱ्याचाही धंदा असला तर तिला दिलेलं भांडवल तिकडं वळतं, आणि जिथं घरात तिचा एकटीचाच धंदा असतो तिथं ती पुरुषाइतकाच नफा काढते. मला वाचून रडू आलं, खरं सांगते. आईचा तांदळाचा डबा आठवला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तिचं भांडवल घरखर्चात धरू नका. माग बंद पडला तर मागासाठी कर्ज काढा, चकलीच्या डाळीला हात लावू नका. आणि सोसायट्यांनी, बँकांनी पिग्मीचं पुस्तक धंद्याचा पुरावा म्हणून धरावं. तीन वर्षं रोज शंभर भरणाऱ्या बाईचा याहून मोठा हिशोब कुठला पाहिजे?

एक मला पण कबूल करायचंय. पिग्मी मोडायच्या ऐवजी त्यावर कर्ज मिळतं, पुस्तक चालू राहतं. हे मी सुरुवातीची कितीतरी वर्षं आपणहून कुणाला सांगितलं नाही. बाई मोडायला आली की फॉर्म पुढं करायचा, बस्स. लॉकडाऊननंतर सांगायला लागले. त्याआधी आलेल्या बायकांची तोंडं मला अजून आठवतात.

गेल्या सोमवारी खासबागेतनं एक अक्का आली, मालकांचा माग दोन महिने बंद. पुस्तक काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं मोडू नका, यावरच वीस हजार काढून देते, पण डाळीसाठी म्हणून. ती थोडा वेळ गप्प बसली, मग हळूच म्हणाली, घरात सांगावं लागतंय काय? मी म्हटलं, पुस्तक तुमच्या नावावर हाय, सही पण तुमचीच लागते. तिनं कन्नडात सही केली, अक्षर सुरेख होतं, पैसे दोनदा मोजले आणि घरी न जाता आधी रविवार पेठेत गेली.