जर्मनचा तास बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी साडेसातला वहिनीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर 'पालकांनो, वेळीच जागे व्हा!!', खाली हात जोडलेल्या खुणा, मध्ये स्क्रीनभर मजकूर. अख्ख्या कोथरूडमधून फिरून तो आमच्याकडे आला असावा, कारण दुपारपर्यंत मला तोच आणखी तिघांनी पाठवला. एरवी मी असले मेसेज न वाचता पुसते. पण वहिनीने खाली स्वतःची एक ओळ जोडली होती : 'शनिवारच्या पालकसभेत आपण पण हात वर करायचा का?' माझी पुतणी आठवीत आहे, मराठी माध्यमात. तिच्या शाळेत गेल्या वर्षापासून आठवी ते दहावीला आठवड्यातून दोन तास जर्मन असतं. तो तास बंद करायचा ठराव शनिवारी मांडणार आहेत म्हणे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नव्या शैक्षणिक धोरणाने परदेशी भाषा काढून टाकल्यात, शाळा फक्त फीसाठी चालवतात. जर्मनीत चौदा विद्यापीठं संस्कृत शिकवतात आणि आपण मूर्खासारखे जर्मन शिकतोय. मराठी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजीच कच्चं, त्यांना या भाषा झेपत नाहीत, नुसता न्यूनगंड येतो. मोबाइल सगळं भाषांतर करतो. आणि मुलं मार्कांसाठी जर्मन घेतात, तीन वर्षांनी एक वाक्य धड बोलता येत नाही.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, यंत्रांची मॅन्युअल्स भाषांतरित करून पोट भरते, आणि मध्ये दोन वर्षं एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यमातच होते. म्हणून आधी तो न्यूनगंडाचा मुद्दा घेते. बाकीचे मुद्दे बरेचसे चुकीचे आहेत, हा मात्र वाईट आहे.

झेपत नाही म्हणजे नक्की काय झेपत नाही? जर्मनमध्ये शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते नामांचं लिंग. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी : डेर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर. सगळ्याला 'द' लावून मोकळं होणाऱ्या इंग्रजाला हे म्हणजे छळवाद वाटतो. आपल्याला? आपण तो चमचा, ती सुरी, ते ताट म्हणतच मोठे झालो. लिंगं दर वेळी जुळत नाहीत, पाठ करावी लागतातच. त्यांचा सूर्य बाई आहे आणि चंद्र बुवा. पण निर्जीव वस्तूला तीन लिंगं कशाला, हा प्रश्न मराठी मुलाच्या मनात येतच नाही. ते मूल, दास किंड. ते पुस्तक, दास बूख.

पुढचं बघा. 'मला थंडी वाजते'. जर्मनमध्ये : मीर इस्ट काल्ट. मीर म्हणजे मला. इंग्रजीतून शिकलेलं पोर 'आय अ‍ॅम कोल्ड' मनात धरून 'इश बिन काल्ट' म्हणतं, आणि त्याचा अर्थ मी थंड माणूस आहे, असा काहीतरी होऊन बसतो. ही चूक मी वर्गात किती वेळा दुरुस्त केली, मोजदाद नाही. मग एके दिवशी फळ्यावर इंग्रजी न लिहिता 'मला' लिहिलं आणि खाली 'मीर'. प्रश्न मिटला. 'मला ते आवडतं' हेही तसंच, एस गेफेल्ट मीर. 'कारण मी आजारी आहे' घ्या : वाइल इश क्रांक बिन. वाइल कारण, इश मी, क्रांक आजारी, बिन आहे. शब्दाखाली शब्द ठेवा, क्रियापद दोन्हीकडे शेवटी. इंग्रजीवरून येणारा माणूस या 'वाइल'पाशी महिनाभर अडखळतो.

उच्चाराचं म्हणाल तर चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, हे मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. चमच्यातला तो च म्हणजे जर्मन झेड. दाताला त्सान म्हणतात, आमची पोरं पहिल्या दिवशी बरोबर म्हणतात. जपानीचं तर विचारूच नका. 'तो येतो का?' हे 'करे वा किमासु का'. प्रश्नाचा 'का' आपल्यासारखाच वाक्याच्या शेपटीला. 'थंडी आहे ना' हे 'सामुई देसु ने'. दोन्ही भाषांचं नातं वगैरे काही नाही, निव्वळ योगायोग आहे. पण योगायोगाचा फायदा घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर मराठी आड येत नाही. आड येतं ते इंग्रजीतून लिहिलेलं गाइड, आणि मराठी माध्यमाच्या वर्गात उभं राहून जर्मन व्याकरण इंग्रजीत समजावणारी शिक्षिका. त्यात मीही होते, पहिलं वर्षभर. मुलांना इंग्रजी समजलं नाही की आम्ही म्हणायचो, यांना जर्मन झेपत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हेच वाक्य उचललंय, फक्त आमची चूक मुलांच्या नावावर टाकून.

आता धोरण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा परिच्छेद ४.२० उघडा, हिंदीतही मिळतो. माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांसारख्या परदेशी भाषा उपलब्ध केल्या जातील, असं त्यात नावं घेऊन लिहिलंय. काढून टाकल्या कुठे? २०१९ च्या मसुद्यातली चिनी अंतिम यादीत नव्हती आणि त्याची तेव्हा बातमी झाली होती. 'चिनी गेली'चं 'सगळ्या गेल्या' असं कुणीतरी करून टाकलं असावं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. त्याच धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात असं आहे. म्हणजे इंग्रजी धरली तर जर्मन ही तिसरी भाषा म्हणून बसत नाही, जादा विषय म्हणूनच बसते. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत यावरूनच रणकंदन झालं. जर्मन तिसऱ्या भाषेच्या जागेवरून काढून संस्कृत आणली, तीही वर्ष अर्धं उलटल्यावर, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा ज्या शाळा मराठीला किंवा हिंदीला धक्का देऊन त्या जागी फ्रेंच-जर्मन घुसवतात, त्यांना जरूर जाब विचारा. पुतणीच्या शाळेत जर्मन हा जादा तास आहे. तिचं मराठी, हिंदी, इंग्रजी जागच्या जागी आहे.

संस्कृतबद्दल फार लिहीत नाही, कारण हा वाद पुण्यात उकरून काढणं म्हणजे कमाल आहे. जर्मन विद्यापीठांत संस्कृत शिकवतात हे खरंच आहे, दोनशे वर्षांची परंपरा आहे. आमच्या पुण्यातल्या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेचं नाव मॅक्स म्युलर भवन आहे, ऋग्वेद छापणाऱ्या माणसाच्या नावावर, जो जन्मात भारतात आला नाही. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी उभी केली ते वि. स. सुखटणकर कुठे शिकले? बर्लिनला, हाइनरिख ल्यूडर्स या जर्मन संस्कृत पंडितांकडे. संस्कृतात खोल जायचं तर जर्मन यावी लागते, हे त्याच भांडारकर संस्थेतल्या संशोधकांना विचारा. 'संस्कृत की जर्मन' असा प्रश्न संस्कृत न शिकलेल्यालाच पडतो.

मोबाइल. माझं अर्धं काम त्याने खाल्लंय, तेव्हा त्याची ताकद मला शिकवू नका. पण भाषेच्या परीक्षेला मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवायचा करार केला, त्यातसुद्धा आधी जर्मन शिकवणं हा योजनेचाच भाग होता. नर्सने पेशंटच्या उशाशी फोन धरून बोलायचं नसतं. पुढे.

शेवटचा मुद्दा : मार्कांसाठी घेतात, बोलता येत नाही. अर्धं खरं आहे. कबूल करायला जीव जड होतोय, पण आहे.

गेल्या महिन्यात पुतणीला सहज म्हटलं, जर्मनमध्ये काहीतरी बोल. तिने डोळे मिटून 'माझं कुटुंब' घडाघडा म्हटलं. त्यात एक वाक्य होतं : माइन फाटर इस्ट इन्जेन्यर. माझे वडील इंजिनिअर आहेत. आमच्या दादाचं स्टेशनरीचं दुकान आहे. मी जर्मनमध्ये विचारलं, बाबा काय करतात? ती गप्प. मराठीत विचारलं, मग इंजिनिअर का म्हणालीस? म्हणाली, "आत्या, गाइडमध्ये तसंच आहे. परीक्षेत तेच लिहायचं." वही बघितली. प्रत्येक ओळीवर पेन्सिलने देवनागरीत उच्चार, आणि खाली लाल शाईत 'व्हेरी गुड'.

तिला दहापैकी दहा होते.

पण यावरून तास बंद करा हे उत्तर कसं निघतं? हिशेब करू. आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका, वर्षाला कामाचे साधारण पस्तीस आठवडे. झाले वर्षाचे सुमारे ४१ तास. तेही गॅदरिंग, क्रीडा महोत्सव, घटक चाचणी यांत एकही तासिका बुडाली नाही असं धरून, म्हणजे स्वप्नात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. जर्मनमध्ये कामकाज करण्याइतकी तयारी व्हायला त्यांचा अंदाज सुमारे ९०० तासांचा आहे. आमच्या वेगाने बावीस वर्षं लागतील, आठवीतली मुलगी पस्तिशीला पोहोचेल. जपानीला ते २,२०० तास धरतात, तो भागाकार तुम्हीच करा. दहावीपर्यंतच्या तीन वर्षांत होतात सव्वाशे तास. तेवढ्यात पहिली पायरी गाठता येते, ए१. स्वतःबद्दल सांगणं, वेळ विचारणं, दुकानातून काही मागणं. ही पायरी खरोखर चढली तर लहान नाही. शाळा मात्र जाहिरातीत 'जर्मनीची दारे उघडा' छापतात आणि तिथेच मेसेजवाल्याच्या हातात कोलीत देतात.

तेव्हा सभेत हात वर करायचाच तर प्रश्न विचारायला करा. तोंडी परीक्षेला किती गुण आहेत? शून्य असतील तर मुलं बोलायला शिकणार नाहीत, इतकं ते सरळ आहे. जे मोजत नाहीत ते वर्गात होत नाही. परीक्षा कोण घेतं? शिकवणारीच पेपर काढते आणि तीच तपासते, तर दहापैकी दहाला अर्थ नाही. जर्मनसाठी शाळकरी मुलांची 'फिट इन डॉइच' आहे, फ्रेंचसाठी डेल्फची शालेय परीक्षा आहे. दोन्हींत समोर बसून बोलावं लागतं आणि परीक्षक बाहेरचा असतो. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा पुण्यात फार लोकप्रिय, पण तिच्यात बोलण्याचा भागच नाही, सगळं पर्याय निवडा. त्या सर्टिफिकेटवरून वर्गाची पारख करू नका.

आणि शिक्षिकेला पगार काय देता, हे विचारा. मी ज्या शाळेत होते तिथे वर्गात चौपन्न मुलं, पैसे तासिकेमागे, मे महिन्याचे शून्य, आणि दिवाळीचं मानधन मला होळीला मिळालं. माझ्या आधीच्या बाई ऑक्टोबरमध्ये कंपनीत गेल्या होत्या. मी दुसऱ्या वर्षी तेच केलं. त्या मुलांना तीन वर्षांत चार शिक्षिका झाल्या, आणि प्रत्येकीने 'इश हाइसं' म्हणजे 'माझं नाव'पासून सुरुवात केली. अशा वर्गाला कुठलीही भाषा येणार नाही, मराठी शिकवली तरी.

चांगल्या वर्गाचं कौतुक करायची आपली पद्धतही बघा. गेटवर फ्लेक्स : 'जर्मनमध्ये १०० पैकी १००', खाली मुलांचे फोटो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०११ मध्ये कायदा केला, की शाळा संपताना इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा ठराविक पातळीपर्यंत येते असं दाखवून देणाऱ्या मुलाच्या प्रमाणपत्रावर तशी मोहोर लावायची. सील ऑफ बायलिटरसी म्हणतात तिला. नंतर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ती उचलली. घरी बोलायची भाषासुद्धा त्यात धरली जाते, हे मला विशेष आवडतं. आपल्याकडचं पोर मराठी, हिंदी, इंग्रजी सहज वापरतं आणि त्याची कुठे नोंद नाही. वर त्यालाच सांगायचं की तुला चौथी झेपणार नाही.

वहिनीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी बोलायचं ना. मी तर तो मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकला." तिला म्हटलं, हेही टाक.

काल संध्याकाळी पुतणी वही घेऊन आली. कुटुंबाचा निबंध तिने बदललाय. माइन फाटर हाट आइनेन लाडेन, माझ्या बाबांचं दुकान आहे. दुकानाला लाडेन म्हणतात, यावर ती आणि दादा बराच वेळ हसत होते. खाली तिने स्वतःच्या मनाने वह्या, पेनं आणि झेरॉक्स हे तीन शब्द शोधून जोडलेत, त्यातल्या एकाचं लिंग चुकलंय. गाइडमध्ये हे नाही, तर बाई मार्क कापतील का, असं विचारत होती. कापले तर मला सांग म्हटलं, शनिवारी मी येतेच आहे.