स्मार्ट प्रीपेड मीटर: सुरक्षा ठेव परत कधी, आणि नोटिशीच्या १५ दिवसांचं काय?

स्मार्ट मीटरवरचा सगळा वाद 'मीटर पळतो का', म्हणजे वापरापेक्षा जास्त युनिट दाखवतो का, या एकाच प्रश्नाभोवती फिरतोय. त्याकडे येतोच. पण घरखर्चाच्या दृष्टीने त्याहून मोठे प्रश्न दोन आहेत. आपले पैसे कोणाकडे किती दिवस राहतात? आणि पैसे संपल्यावर वीज तुटेपर्यंत किती दिवस मिळतात?

आधी पैसे. महिन्याला १,००० रुपये बिल येणाऱ्या घराची सुरक्षा ठेव महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांप्रमाणे दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी, म्हणजे २,००० रुपये. त्याबदल्यात आपल्याला उधारी मिळते. महिन्याभराच्या वापराचे सरासरी १५ दिवस, बिल तयार होण्याचे चार-पाच, आणि घरगुती ग्राहकाला भरणा करायला २१. सगळे मिळून साधारण ४० दिवस, म्हणजे १,३०० रुपयांच्या आसपास. कंपनीकडे आपले २,००० आणि आपल्याकडे कंपनीचे १,३००. ठेवीवर व्याज मिळतं हे खरं, पण उधारी फुकट नाही एवढं यातून दिसतं.

प्रीपेडमध्ये ही उधारी शून्य होते. मग ठेव ठेवून घेण्याचं कारणही उरत नाही. वीज कायदा २००३ चं कलम ४७(५) स्पष्ट आहे: ग्राहक प्रीपेमेंट मीटरवर वीज घ्यायला तयार असेल, तर कंपनीला त्याच्याकडे पुरवठ्याची ठेव मागता येत नाही. त्यामुळे प्रीपेडची पहिली अट हीच हवी की ज्या दिवशी मीटर प्रीपेड होईल, त्याच दिवशी जुनी ठेव व्याजासह पहिलं रिचार्ज म्हणून खात्यात दिसली पाहिजे. ती दिसत असेल तर निव्वळ पैशांच्या हिशेबात प्रीपेड ग्राहकाच्या फायद्याचं ठरू शकतं, हे मी विरोधकांनाही सांगेन. ठेवही तिकडे आणि रिचार्जही आगाऊ, असं झालं तर ती सरळ दुहेरी वसुली आहे.

आता दिवस. आज बिल थकलं तर कलम ५६ खाली पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाच्या तारखेपासून २१ आणि हे १५, म्हणजे किमान ३६ दिवस. रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, शेतमजूर यांच्या घरात पैसे आठवड्याने येतात, कधी येतही नाहीत. आजारपण किंवा शाळेची फी याच दिवसांत निभावली जाते. प्रीपेडमध्ये ती मुदत जाते. मोबाईलचं रिचार्ज संपलं तर शेजाऱ्याच्या फोनवरून काम भागतं, फ्रिजमधलं इन्सुलिन शेजारी हलवावं लागतं.

ब्रिटनमध्ये हे सगळं होऊन गेलंय. तिथे प्रीपेमेंट मीटरवरची गरीब घरं वर्षानुवर्षं इतरांपेक्षा जास्त दर भरत होती. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी दरमर्यादा घालावी लागली, आणि स्थिर आकारातला (वीज वापरा वा न वापरा, द्यावाच लागणारा आकार) फरक तर थेट एप्रिल २०२४ मध्ये समान केला गेला. थकबाकीदारांच्या घरात कोर्टाचं वॉरंट घेऊन बळजबरीने मीटर बसवले जात होते, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये थांबवावं लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे शिल्लक संपून घर अंधारात असलं तरी रोजचा स्थिर आकार चढतच राहतो आणि पुढच्या रिचार्जमधून आधी तो कापला जातो. थंडीत दोन आठवडे मीटर बंद ठेवणाऱ्या घराला पहिले काही पौंड भरूनही ऊब मिळत नाही.

आपल्याकडेही प्रीपेड आलं तर स्थिर आकार रोजच्या रोज कापला जाणार. महिन्याचे १३० रुपये धरले तर रोज सुमारे ४ रुपये ३० पैसे, घराला कुलूप असलं तरी. गावी महिनाभर जाणाऱ्यांनी तेवढी शिल्लक ठेवूनच निघावं.

त्याहून जास्त गोंधळ टप्प्यांचा. आपले दर ०-१००, १०१-३०० असे वाढत जातात आणि दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. रोज ८ युनिट वापरणाऱ्या घराचे १०० युनिट तेराव्या दिवशी संपतात. कपात महिन्याच्या एकूण वापरावर चढत गेली, तर तिथून पुढे रोजची कपात जवळजवळ दुप्पट होते. वापर तोच, पण पहिलं ५०० चं रिचार्ज जितकं पुरलं त्याच्या साधारण निम्मे दिवस पुढचं पुरतं. मीटर बिघडला असं वाटण्याचं हे एक मोठं कारण ठरतं, आणि कंपनीने ते रिचार्जच्या पावतीवरच छापायला हवं. शिवाय ७ दिवसांत बिल भरल्यावर मिळणारी १ टक्का सूट प्रीपेडमध्ये कशी भरून देणार, तेही विचारा.

मीटरची किंमत? 'ग्राहकाकडून एक पैसाही नाही' हे बिलावर वेगळी ओळ नसेल एवढ्यापुरतंच खरं. महावितरणच्या निविदांमध्ये एका मीटरचा खर्च सुमारे १२,००० रुपये पडतो, केंद्राच्या आरडीएसएस योजनेतून त्यातले ९०० मिळतात. उरलेले ११,१०० केंद्राच्या नमुना निविदेप्रमाणे ९३ महिन्यांत फेडले, तर दरमहा जवळपास १२० रुपये. गळती आणि थकबाकी कमी होऊन तेवढी बचत झाली नाही, तर हा बोजा वीजदरातूनच आपल्यावर येणार. दरवाढीच्या सुनावणीत या बचतीचा मंडळनिहाय हिशेब मागितला पाहिजे.

जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर घरोघरी टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे) स्मार्ट मीटर आले, बिल महिन्याला. पण स्मार्ट मीटर प्रीपेड करायला घरी माणूस यावा लागत नाही, ते काम सर्व्हरवरून होतं. शिल्लकही मीटरमध्ये नसते, सर्व्हरवर असते. रेंज गेली की रीडिंग अडकतं, मग दोन-तीन दिवसांची कपात एकदम होते. कधी रिचार्ज करूनही 'जोडा' ही आज्ञा मीटरपर्यंत पोचत नाही. १२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमीला उत्तर प्रदेशात चुकीच्या आज्ञेने एक लाखाहून जास्त घरांची वीज एकदम गेली होती. म्हणून रात्री, सुट्टीच्या दिवशी आणि घरी रुग्ण असताना पुरवठा तुटणार नाही, ही अट प्रणालीतच घातलेली हवी.

आता 'पळणारा' मीटर. जुना चकतीचा मीटर झिजून हळू झालेला असतो, १० वॉटचा सेट टॉप बॉक्स त्याला जाणवतही नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर तो मोजतो: दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला ७ युनिट. दुसरं कारण न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार. हे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला प्रवाह पाहतात आणि जो जास्त त्यावर युनिट धरतात. चाळीत, जुन्या वाड्यात दोन घरांचा न्यूट्रल कुठेतरी जोडलेला असेल तर शेजाऱ्याचा वापर तुमच्या मीटरवर चढू शकतो. दोष वायरिंगचा, भुर्दंड तुम्हाला.

तपासायला सोपं आहे. मेन स्विच बंद करा, मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायला नको. लुकलुकला तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुणाची तरी वायर आहे किंवा गळती आहे. मग सगळं बंद ठेवून फक्त १,००० वॉटची इस्त्री लावा. ती गरम होऊन आपोआप बंद व्हायच्या आत मोजायचं. मीटरवर ३२०० इम्पल्स (एका युनिटमागे दिवा तितक्या वेळा लागतो) लिहिलं असेल तर मिनिटाला सुमारे ५३ वेळा दिवा लागेल. व्होल्टेज २३० ऐवजी २१५ असेल तर ४६-४७. ६५-७० आले तर तक्रार करा.

मीटर बदलताना जुन्या मीटरचा क्रमांक आणि शेवटचं रीडिंग, नव्याचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग, चारही गोष्टी एकाच फोटोत घ्या आणि बदली अहवालाची प्रत मागा. टर्मिनलचे स्क्रू आवळलेत का ते कर्मचाऱ्याला समोरच बघायला सांगा, ढिल्या जोडणीनेच मीटर जळतात. नव्या मीटरने जास्त मागणी (एका वेळचा सर्वाधिक भार) नोंदवली म्हणून आधीच्या काळाचा दंड लावता येत नाही, हे केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत आहे. रीडिंगबद्दल तक्रार केली तर ५ दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावायचा आणि तो किमान ३ महिने ठेवायचा, हे २०२४ च्या दुरुस्तीत. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. मंचाकडे वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो.