तीन पाहुण्यांचं कार्ड

"काका, मुलगा कितवीला आहे?"

ग्राफिक्स कार्डाच्या दुकानात हा प्रश्न आला की समजावं, आपलं वय आता आपल्या हातात राहिलेलं नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती नववीत आहे आणि कॉम्प्युटरवर गाड्या पळवण्यात तिला काडीचा रस नाही. पडद्यावरची चित्रं काढणारं ते कार्ड मला हवं होतं. माझ्यासाठी, माझ्या पैशाने. सांगायला एक वाक्य पुरतं, पण गेल्या शनिवारी ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या दुकानात ते वाक्य तोंडातून निघायला पाऊण तास लागला, आणि निघालं ते नको त्या माणसासमोर.

बाकीचा कॉम्प्युटर जमला होता. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हजार वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), सगळं महिनाभर कपाटावर खोक्यांत पडून होतं. (घरी सांगितलं होतं, ऑफिसचं सामान आहे.) राहिलं होतं फक्त कार्ड. त्यासाठी मी एक्सेलमध्ये अकरा कॉलमांचा तक्ता केला होता; एवढी मेहनत मी घराचं कर्ज काढताना केली नव्हती. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० पहिल्याच रात्री बाद झालं. ३२ जीबी मेमरी, ५७५ वॅट, बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत १,९९९ डॉलर, आणि इथे त्या पैशात एक बरी सेकंडहँड गाडी दारात उभी राहते. उरले ५०८०, ५०७० टीआय आणि एएमडीचं ९०७० एक्सटी. तिन्हींची मेमरी १६ जीबीच. तरी तक्त्याने कौल दिला ५०८० ला. मी आजची पार्किंगची बाजू कुठली ते बघून स्कूटर लावली आणि छाती पुढे काढून दुकानात शिरलो.

काउंटरवरचा मुलगा बावीस-तेवीसचा. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला धड मिसरूडही फुटलं नव्हतं, त्याला तो 'ब्रो' म्हणत होता. ब्रोला रे ट्रेसिंग (गेममधला उजेड खऱ्यासारखा पाडायची युक्ती) समजावून झालं, ब्रोला सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतील ते सांगून झालं. मी पुढे सरकलो तर मला 'मुलगा कितवीला'. मी म्हटलं, "तसं नाही." तर म्हणे, "मग ऑफिसचं काम असेल तर एवढं कशाला काका, ऑनबोर्डवर होऊन जाईल." (ऑनबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतं ते साधं ग्राफिक्स.) काका हा शब्द वाईट नाही. मीही लोकांना म्हणतो. पण काका म्हटल्याबरोबर माणसाला ऑनबोर्ड ग्राफिक्स पुरतात हे कोणी ठरवलं? आणि हाच मुलगा पैसे घ्यायच्या वेळी बरोबर 'सर' म्हणाला, तेही लिहून ठेवतो.

असो. मूळ माणूस बाकावर बसला होता.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्रिंटरचं रिकामं कार्ट्रिज. वय पंचाहत्तरच्या पुढे. दुकानात सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. सोसायटीच्या नोटिसा आपण स्वखर्चाने छापतो, ही माहिती आप्पांनी मला मी न विचारता पहिल्या दोन मिनिटांत दिली. मुलाने ५०८० चं खोकं काउंटरवर ठेवलं तसे ते उठले आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, जणू आम्ही दोघं मिळून खरेदीला आलो होतो.

"हे काय, मिक्सर?"

"ग्राफिक्स कार्ड आहे आप्पा."

"किती वॅट?"

लोक किंमत विचारतात, वॉरंटी विचारतात. आप्पांनी वॅट विचारले. त्यांनी उभा जन्म वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढला होता. कारखाना गेला, तिथे टॉवर झाला, आप्पा उरले.

"तीनशे साठ," मुलगा म्हणाला.

"म्हणजे मिक्सरच की! आमचा पाचशेचा आहे. पण तो आपण दोन मिनिटं फिरवतो, चटणी झाली की बंद. तुम्ही हे किती वेळ फिरवणार?"

प्रश्न मला होता. न जुमानता खोक्यावरची अक्षरं वाचत राहायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाने विचारलं की उत्तर द्यायचं, ही खोड शाळेतच लागलेली. म्हटलं, "रोज... तीन-चार तास."

"चार तास मिक्सर!" आप्पांनी बाकावरच्या दुसऱ्या माणसाला सांगितलं. तो बिचारा फक्त माउस बदलायला आला होता. मग डोळे मिटून, बोटांची पेरं मोजत: "तीनशे साठ चोक चौदाशे चाळीस. गुणिले तीस. त्रेचाळीस युनिट. नुसतं हे हां. पंखा, फ्रिज, गिझर वेगळं." डोळे उघडले. "आणि हे तीनशे साठ वॅट जातात कुठे, सांगा बघू. दिव्यासारखा उजेड देतं? नाही. पंपासारखं पाणी चढवतं? नाही. म्हणजे सगळी उष्णता. माणूस नुसता खुर्चीत बसला तरी शंभर वॅटच्या आसपास उष्णता टाकत असतो. म्हणजे तुम्ही खोलीत साडेतीन पाहुणे आणून बसवताय. रोज संध्याकाळी. मे महिन्यातसुद्धा."

"साडेतीन कसे आप्पा?"

"अर्धा म्हणजे कडेवरचं मूल."

दुकान हसलं. मीही हसलो, कारण न हसणारा काका तर फारच वाईट दिसतो. पण माझ्या अकरा कॉलमांत पाहुण्यांचा कॉलम नव्हता, हे मला आत कुठेतरी लागलंच.

आता मुलालाही चेव चढला. त्याने आप्पांना पटवायचं मनावर घेतलं. गिऱ्हाईक मी होतो हे एव्हाना दोघेही विसरले होते. तो म्हणाला, "आप्पा, याच्यात दहा हजार सातशे बावन्न कोअर्स आहेत. म्हणजे समजा तेवढे कामगार, सगळे एकाच वेळी कामाला."

"दहा हजार सातशे बावन्न?" आप्पांचा आवाज बदलला. "आणि युनियन नाही?"

मुलाने हार मानली नाही. नव्या कार्डांत एआय कसं फ्रेम बनवतं, ते त्याने सांगितलं. पडद्यावर चार चित्रं दिसतात, त्यातलं एक कार्ड खरोखर काढतं, मधली तीन एआय अंदाजाने भरतं. आप्पांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हजेरीपटावर चौघं, प्रत्यक्षात कामावर एक," ते म्हणाले. "आमच्याकडे एवढ्यासाठी दोघांना घरी पाठवलं होतं."

खरं सांगतो, या फ्रेमवर मी महिनाभर उलटसुलट मतं वाचत होतो. एवढं स्वच्छ कोणी मांडलं नव्हतं. आणि ते मांडणारा माणूस शाई भरायला आला होता, याचा मला जास्त राग आला.

मग पिन. मुलाने जोडणीची केबल दाखवली, आप्पांनी ती चष्म्यापाशी नेली. "बारा व्होल्ट ना? तीनशे साठ भागिले बारा, तीस अँपियर. या एवढ्याशातून? आम्ही तीस अँपियरला करंगळीएवढी केबल ओढायचो." मुलगा भोळेपणाने बोलून गेला की २०२२ मध्ये ४०९० नवीन आलं होतं तेव्हा काही लोकांचे कनेक्टर वितळले होते, पण आता डिझाइन सुधारलंय. आप्पांना एवढंच हवं होतं. सत्तर ओलांडलेल्या माणसाला 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणायची संधी मिळाली की चेहऱ्यावर जे तेज येतं, ते कुठल्याही कार्डाच्या रे ट्रेसिंगमध्ये यायचं नाही.

"पण करणार काय तुम्ही याच्यावर?"

आलाच तो प्रश्न.

१९९९ साली बाबांनी पीएफमधून पैसे काढून मला कॉम्प्युटर घेऊन दिला, 'अभ्यासासाठी'. त्याच वर्षी जीफोर्स २५६ आलं होतं, ३२ एमबी मेमरीचं. आता १६ जीबी म्हणजे त्याच्या पाचशे बारा पट. ते कार्ड मी फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलं, कारण अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागतं हे बाबांना पटवणारं वाक्य मला कधी सुचलं नाही. मग घंटाळीजवळच्या सायबर कॅफेत तासाचे तीस रुपये मोजून खेळायचो आणि घरी 'ग्रंथालयात होतो' म्हणायचो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, हप्ते आले. हप्ते संपत आले तेव्हा कॉम्प्युटरवर क्रिप्टोची नाणी खोदणारे आले आणि कार्डं उचलून घेऊन गेले. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या नाण्याचं खोदकाम थांबलं, म्हटलं आता आपला नंबर. तर एआयवाले रांगेत घुसले. जी वस्तू मुळात खेळासाठी निघाली ती प्रत्येकाला कामासाठी हवी, आणि खेळायला हवी म्हणणारा मी तेवढा येडा. पंचवीस वर्षं मी या रांगेत उभा आहे हो. या शनिवारी ठरवूनच आलो होतो की खोटं बोलायचं नाही.

"गेम खेळणार," मी म्हटलं.

दुकान शांत झालं. ठाण्यात राहणाऱ्याला बाहेरगावचे लोक एक ठरलेला विनोद ऐकवतात. तो आप्पांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. स्वतःही ठाण्याचेच असल्यामुळे त्यांनी तो ओठांबाहेर पडू दिला नाही.

"गेम म्हणजे... पत्ते?"

"नाही. गाड्यांचे वगैरे."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. आधी टक्कल, मग नाक. "अरे, तू मास्तरांचा धाकटा ना रे? घंटाळीवरच्या?"

बघता बघता 'तुम्ही'चा 'तू' झाला. म्हटलं, हो. "तुझे वडील किती साधे होते," आप्पा म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. त्या न बोलण्यात तीनशे साठ वॅटहून जास्त उष्णता होती.

मी घाईघाईने म्हटलं, पॅक करा. तेव्हा मुलाने आतून शेठशी फोनवर बोलून सांगितलं, ५०८० सुटं मिळणार नाही. सोबत एसएमपीएस घ्यावा लागेल. मी म्हटलं, माझ्याकडे आहे, हजार वॅटचा, नवा कोरा. तर म्हणे, असू दे की, अजून एक. अमेरिकेत ९९९ डॉलरला आलेलं कार्ड, त्यावर इथे अठरा टक्के जीएसटी, त्यावर यांची मर्जी, आणि त्यावर नको असलेला एसएमपीएस. मला घाम फुटला होता, शब्द फुटत नव्हता. आप्पांनी मात्र काउंटरवर हात आपटला. "कांदे घेताना बटाटे घ्यावेच लागतात का रे? लाव परत फोन!"

फोनवर काय झालं ते ऐकू आलं नाही. आप्पाच बोलत होते. पाच मिनिटांनी निवाडा झाला: ५०७० टीआय सुटं मिळेल.

"यात मेमरी किती?"

"सोळाच, आप्पा."

"त्यात?"

"सोळाच."

"आणि वॅट?"

"तीनशे."

आप्पा माझ्याकडे वळले. "सरळ तीन पाहुणे. कडेवरचं मूल वाचलं. हेच घे."

आणि मी घेतलं. अकरा कॉलम, एक महिना, रात्री दीड-दीड वाजेपर्यंत पाहिलेले व्हिडिओ, आणि शेवटी कार्ड निवडलं ते शाई भरायला आलेल्या माणसाने. चूक निवडलं असतं तर निदान चिडता आलं असतं. घरी येऊन तक्ता पुन्हा पाहिला. पैशाच्या मानाने कामगिरीच्या कॉलमात ५०७० टीआयच पहिलं होतं. तो कॉलम मी स्वतःच लपवून ठेवला होता.

दुकानात खोकं उघडलं तेव्हा कार्डासोबत एक छोटा धातूचा खांबही निघाला होता. कार्ड जड, वाकू नये म्हणून खालून लावायचा. "टेकू?" आप्पा म्हणाले. "नव्या कोऱ्या वस्तूला?" आमच्या नौपाड्यात पुनर्विकासाची वाट बघणाऱ्या इमारतींना टेकू लावतात, पण निदान त्या इमारती साठीच्या असतात.

आता अपमानाचा भाग. मी 'सर' होऊन पैसे भरत असताना आप्पांनी कार्ट्रिज पुढे केलं. शाईचे अडीचशे झाले होते. आप्पा म्हणाले, "एवढं मोठं गिऱ्हाईक आणून दिलं, आणि माझ्याकडून पैसे घेतोस?" मुलाने हसत हात जोडले. शाई फुकट. मला जीएसटीवरचे साठ रुपयेसुद्धा सुटले नव्हते.

खोकं पायांशी ठेवून स्कूटरवर घरी यायला मला वीस मिनिटं लागली. आप्पांच्या बातमीला तेवढीही लागली नसावीत. आमच्या आईच्या भजनी मंडळात आप्पांची बहीण आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. दार उघडलं तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"आईंचा फोन होता. आपल्याकडे तीन माणसं कायमची राहायला येणार आहेत म्हणे. कोण? आणि झोपणार कुठे?"

मी खोकं खाली ठेवलं. पंचवीस वर्षांचा सगळा संकल्प आठवला. दुकानात, चार लोकांत, मान वर करून बोललेलं ते वाक्य आठवलं.

"काही नाही गं," मी म्हटलं, "ऑफिसच्या कामासाठी आहे."

तिने खोक्याभोवती एक फेरी मारली, पिशवीतून बिल काढलं, शेवटचा आकडा दोनदा वाचला आणि माझ्या हातात दिलं.

"मग सोमवारी ऑफिसात दे हे. पैसे कधी मिळतील ते सांग मला."