पत्र पहिल्या मालकाच्या खणात

काल संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. "काका, रविवारी अर्धा तास काढा ना, गाडी बघायला जायचंय." लग्न ठरलंय त्याचं, आणि आता एसयूव्हीच हवी. नवी परवडत नाही, म्हणून २०१३ची डिझेल, तिसरा मालक, इथे बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका दलालाकडे उभी आहे. मोबाइलवर चाळीसेक फोटो होते. मोठा स्क्रीन, नवी सीट कव्हरं, पुढे चकचकीत लोखंडी गार्ड. मी विचारलं, चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख नंबरचा, फोटो आहे का? त्याने सगळे फोटो पुन्हा एकदा चाळले. नव्हता.

तेव्हापासून रिकॉलबद्दल, म्हणजे दोष सापडला की कंपनी विकलेल्या गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावते त्याबद्दल, लिहायचं डोक्यात घोळतंय. लांबण लागेल, आधीच सांगतो.

मी स्वतः २०२१च्या दिवाळीत जुनी एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कॉमेंटमध्ये विचारू नका. असं कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकलं असतं. २०११चं मॉडेल, पहिलाच मालक, इथल्याच अकोट्यातले एक निवृत्त इंजिनियर. माणूस इतका शिस्तीचा की टायरमध्ये हवा कधी भरली तेही वहीत. सर्व्हिस बुकाच्या प्रत्येक पानावर शिक्का. आमच्या बडोद्याच्या मराठीत सांगायचं तर त्यांनी ती गाडी मला "वेचली", म्हणजे विकली. (पुण्याची मावसबहीण यावर अजून हसते. तिच्याकडे फुलं वेचतात, आमच्याकडे गाड्या.)

घेतल्यावर चार महिन्यांत ब्रेक ऑइल कमी झालं. मिस्त्रीने भरलं. पुन्हा तीन महिन्यांनी कमी. पुन्हा भरलं, वर म्हणाला, "जूनी गाडी छे साहेब, थोडुं तो पीए." मी मान डोलावली. आता स्वतःचीच लाज वाटते, कारण इंजिन ऑइल पितं हे खरं, पण ब्रेक ऑइल कोणी पीत नाही. ती बंद नळ्यांची व्यवस्था आहे. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी हळूहळू थोडी उतरते, बस. दर तीन महिन्यांनी भरावं लागत असेल तर ते कुठून तरी गळतंय, आणि ते कुठून हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

चैत्रात आईला पावागडच्या डोंगरावर देवीला न्यायचं होतं. माचीपर्यंत गाडी, पुढे रोपवे, दर्शन, सगळं छान झालं. उतरताना दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुढच्या वळणावर आणखी खाली. ज्यांना हा अनुभव आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळणार नाही. पहिला गिअर टाकला, पॅडल पंपासारखं दाबत राहिलो, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासत आणून उभी केली. आई मागे बसून प्रसादाचा डबा सांभाळत होती. "का थांबलो रे?" म्हणाली. मी म्हटलं, इंजिन गरम झालंय.

गाडी टो करून आणली. पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज (नळी) स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या बाजूला घासत होता. घासून घासून आतले धागे दिसायला लागले होते. मिस्त्रीने अकराशे रुपयांत होज बदलला आणि विषय संपला असता. पण त्या रात्री झोप येईना, म्हणून सहज कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला. आलं उत्तर: तुमच्या गाडीवर एक काम बाकी आहे. कोणतं? तोच होज. त्याला धरून ठेवणारी पट्टी चुकीच्या कोनात बसली होती, ती बदलायची. फुकट. कंपनीने हे कित्येक वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या मालकांना फोन केला. ते बिचारे घाबरून खण उघडायला गेले. कंपनीची दोन पाकिटं निघाली, दोन्ही न फोडलेली. लाइट बिलं आणि विम्याच्या कागदांखाली. "मने थयुं के सर्विस कॅम्पनी जाहेरात हशे." म्हणजे त्यांना वाटलं, सर्व्हिस कॅम्पची जाहिरात असेल. टायरची हवा वहीत लिहिणारा माणूस! त्यांच्यावर रागवायचं तरी काय? कंपन्या दर सणाला सवलतीची पत्रं पाठवतात आणि तसल्याच पाकिटात, तसल्याच लोगोखाली, तुमचा ब्रेक निकामी होऊ शकतो हेही पाठवतात. कोण फोडणार?

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं आणि धोका शेवटच्या मालकाकडे येतो.

मी रेसकोर्सला सिग्नल तोडला तर ई-चलान माझ्या मोबाइलवर येतं. जुन्या मालकाकडे नाही, माझ्याकडे. कारण गाडी माझ्या नावावर झाली त्या दिवशीच माझा नंबर सरकारच्या वाहन पोर्टलवर चढला. मग ब्रेकचा मेसेज त्याच नंबरवर का येत नाही? दर वर्षी विमा काढताना चासी नंबर भरतो, पीयूसी काढताना गाडी समोर उभी असते, पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करायला आरटीओत जातो. यातल्या एकाही खिडकीवर "या गाडीवर रिकॉल बाकी आहे" असं कोणी का सांगू नये?

कायदा आहे बरं का. २०१२च्या जुलैपासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, सियामची, ऐच्छिक संहिता होती, म्हणजे कंपनीला वाटलं तर. मग २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात ११०अ हे कलम आलं, सरकारला रिकॉलचा आदेश देता येऊ लागला, आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. चांगलं आहे. पण नियम लागू कोणाला? सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना. आता सांगा, एसयूव्ही दुसऱ्या-तिसऱ्या हातात कधी जाते? साधारण तेव्हाच. ज्याच्याकडे नव्या गाडीचे पैसे नाहीत, त्याच्या वाट्याला गाडी येते तेव्हा सक्तीची मुदत संपत आलेली असते. कंपनी स्वतःहून जुन्या गाड्याही बोलावते, ते वेगळं. पण ती तिची मर्जी.

आणि काही दोष तर वय झाल्याशिवाय दिसतच नाहीत. टकाटा नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा. एअरबॅग फुगवायला आत अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षांची उष्णता आणि दमट हवा लागून ते बिघडतं, मग अपघाताच्या वेळी पिशवी फुगण्याऐवजी धातूचा डबाच फुटतो आणि तुकडे समोरच्या माणसात घुसतात. २००८मध्ये थोड्या हजार गाड्यांपासून सुरुवात झाली, एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणारे हेच डबे, बदलायची वेळ आली, आणि जून २०१७मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. भारतात होंडाने याच कारणासाठी जुन्या सिटी, सिव्हिक, जॅझ आणि सीआर-व्ही बोलावल्या. उष्णता आणि दमट हवा! बडोद्याचा मे आणि बडोद्याचा जुलै, दुसरं काय?

लोकांना रिकॉल म्हटलं की गाडीवर डाग वाटतो. शेजारच्या मुलाचे वडील लगेच म्हणाले, "परत बोलावलेली गाडी नकोच." मला उलट वाटतं. रिकॉल झालेली आणि काम करून घेतलेली गाडी मी आधी घेईन. ज्या कंपनीची पंधरा वर्षांत एकही गाडी परत आली नाही, ती एक तर देवाने बनवलेली असेल किंवा कोणी तपासलं नसेल. एप्रिल २०१४मध्ये टोयोटाने जगभरात ६० लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या, त्यात आपल्याकडच्या सुमारे ४५ हजार इनोव्हा होत्या, २००५ ते २००८च्या. स्टिअरिंगच्या आतली स्पायरल केबल तुटून ड्रायव्हरची एअरबॅग बंद पडू शकत होती. म्हणून इनोव्हा कोणी घ्यायची थांबलं का?

जुन्या गाडीत एअरबॅगचा दिवा बघायची रीत यावरूनच शिकण्यासारखी आहे. किल्ली फिरवली की तो पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. पेटून राहिला तर बिघाड. पण अजिबात पेटलाच नाही तर लोक खूश होतात, आणि तिथेच फसतात. बल्ब काढून टाकला की दिवा कशाला पेटेल? कधी कधी तो शेजारच्या दुसऱ्या दिव्याला जोडलेला असतो, दोघे एकदम पेटतात, एकदम विझतात. हॉर्न मधूनच वाजत नसेल तर स्पायरल केबलची शंका घ्या. आणि तो पुढचा लोखंडी गार्ड, केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. धडकेचा जोर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत कसा पोचायचा याचं गणित त्याने बिघडतं.

बडोद्यात आणखी एक भानगड. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला होता, आणि ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली. मगरींचे व्हिडिओ जगाने बघितले, पण त्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं? धुतल्या, वाळवल्या, गेल्या बाजारात. एसयूव्ही उंच असते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण सीटखालची वायरिंग आणि मधल्या कन्सोलखालचा एअरबॅगचा मॉड्यूल उंच नसतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर चहा पिऊन घरी या.

दिल्लीच्या गाड्यांचं तसंच. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली, म्हणून एनओसी घेऊन त्या स्वस्तात इकडे येतात. गाडी वाईट असेलच असं नाही. पण पत्रं? ती दिल्लीच्या द्वारका भागातल्या कुठल्या तरी फ्लॅटच्या दारातून आत सरकवलेली असणार.

बडोद्याजवळच्या हालोलला आयुष्य काढलेला एक मित्र आहे माझा. जनरल मोटर्सने २०१३मध्ये तिथे बनणाऱ्या शेवरलेट टवेरा गाड्या बोलावल्या, १ लाख १४ हजार. उत्सर्जनाच्या चाचणीत आपल्याच माणसांनी गडबड केल्याचं कंपनीने स्वतः सरकारला कळवलं होतं. २०१७मध्ये तो कारखाना बंद झाला आणि शेवरलेट देशात विकायची थांबली. मित्र म्हणतो, कंपनी गेली तरी चासी नंबर जात नाही. सतरा अक्षरं, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नाहीत, कारण एक आणि शून्याशी घोळ होतो. हे त्याच्याकडूनच कळलं. मी आता आरसी हातात आली की आधी ओ शोधतो. दिसला तर तो शून्यच असतो आणि साइटवर नंबर टाकताना माणसं नेमकी तिथे चुकतात.

बाकी दुखणी ठरलेली: टर्बोचे होज, चोक झालेला ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), गिअर टाकताना मागून येणारा टक्क आवाज म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, खड्ड्यात खडखडणारे लोअर आर्मचे बुश, कोणी कधी न वापरल्याने अडकून बसलेला फोर बाय फोर. टायमिंग बेल्ट असेल तर नुसते किलोमीटर बघू नका, वयही बघा. ही पैशांची दुखणी. कोणताही बरा मिस्त्री सांगेल, आणि भाव करताना कामाला येतील.

टायर मात्र वेगळा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१५ म्हणजे २०१५चा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, टायर जुना तो जुनाच. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने ६५ लाख टायर बोलावले, त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. गरम प्रदेशात, कमी हवेत, वेगात असताना वरचा थर सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. मे महिन्यात दुपारी दोन वाजता अहमदाबाद एक्स्प्रेस वेवर जो ११०ने जातो, त्याने हे वाक्य पुन्हा वाचावं.

माझ्या गाडीचं काय झालं ते राहिलंच. सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी "गाडी बहुत पुरानी है सर" करून बघितलं. मी स्क्रीनशॉट दाखवला. पार्ट यायला पाच आठवडे लागले, काम पाऊण तासाचं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि होज. बिलावर शून्य रुपये. ते बिल मी आईला दाखवलं आणि पावागडची खरी गोष्ट तेव्हा सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं. इंजिन गरम झालं तर तू बॉनेट उघडतोस."

रविवारी मी त्या मुलाबरोबर जाणार आहे. त्याला सांगितलंय, आधी दलालाकडून आरसीचा फोटो मागव, चासी नंबर पूर्ण दिसेल असा. काल रात्री एक आला. शेवटच्या चार आकड्यांवर अंगठा होता. दुसरा मागितला. आज सकाळी आला तो धुऊन पुसून चमकवलेल्या गाडीचा, पुढच्या गार्डवर झेंडूची माळ घातलेली.