नव्या संगणकाच्या मालकाने पाळावयाचे शिष्टाचार

नवा लॅपटॉप घेतल्याबद्दल अभिनंदन. तो सुरू करताच मुदतबंद अँटीव्हायरस, कुठल्याशा क्लाउड साठवणीची जाहिरात, दोन-चार खेळ आणि उत्पादकाचा स्वतःचा एक ‘असिस्टंट’, जो नेमके कोणाला साहाय्य करतो हे शेवटपर्यंत कळत नाही, अशी मंडळी ठाण मांडून बसलेली दिसतील. त्यांना पाहून कपाळाला आठ्या घालू नका. ती तुमच्या आधीपासून तेथे राहत आहेत, उशिरा आलेले तुम्ही आहात, आणि पोटभाडेकरूने मूळ रहिवाशांशी नमते घेऊनच वागायचे असते.

‘मी तर पूर्ण पैसे मोजले’ असा युक्तिवाद मनात येऊ देणेही कोतेपणाचे आहे. यंत्रे विकून उत्पादकाच्या पदरात फारसे काही पडत नाही, म्हणून तुमच्या पडद्यावर जागा मिळवण्यासाठी सॉफ्टवेअर कंपन्या त्याला पैसे देतात. तुम्ही मोजलेली किंमत यंत्राची होती. तुमचे लक्ष त्यात धरलेले नव्हते, त्याचा सौदा तुम्ही खोके उघडण्यापूर्वीच दुसरीकडे झाला आहे.

अँटीव्हायरसशी विशेष आदराने वागा. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, फुकट मिळतो आणि तो या पाहुण्याला पाहताच बाजूला होतो, यावरून पाहुण्याची थोरवी ओळखावी. मुदत संपली की उजव्या कोपऱ्यात तांबडी चौकट उगवेल, त्यात ‘आताच नूतनीकरण करा’ हे बटण ठसठशीत असेल, ‘नंतर आठवण करा’ हे फिकट करड्या अक्षरांत असेल, आणि ‘नको’ म्हणण्याची सोय शोधणे हा उद्धटपणा ठरेल.

तरीही सगळे काढून टाकायचेच असेल, तर त्याचे मूल्य द्यायला लाजू नका. सोनीने 2008 मध्ये काही वायो लॅपटॉपसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा पर्याय दिला होता: 50 डॉलर भरा, म्हणजे आम्हीच भरलेला पसारा आम्हीच काढून देऊ. ग्राहकांनी इतका गिल्ला केला की कंपनीला ही सेवा लगोलग फुकट करावी लागली. चांगल्या कल्पनांचे असेच होते.

विश्वास कसा ठेवावा, हे मात्र लेनोवोच्या ग्राहकांकडून शिकावे. 2014 च्या उत्तरार्धात कंपनीने आपल्या काही लॅपटॉपवर सुपरफिश या कंपनीचा ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ हा प्रोग्रॅम घालून दिला. तुम्ही एखादी वस्तू पाहत असताना तशाच दिसणाऱ्या इतर वस्तूंच्या जाहिराती तो पानावर आणून ठेवी. पत्त्याशेजारी कुलूप दिसणाऱ्या सुरक्षित पानांतही हे साधावे म्हणून त्याने, कोणते संकेतस्थळ खरे हे ज्यांच्या सहीवरून ठरते त्या विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत, आपले एक मूळ प्रमाणपत्र बसवले, आणि तुमची बँकसुद्धा तुम्हाला त्याच्या सहीने भेटू लागली. या सहीची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांत एकच होती, म्हणजे ती ज्याच्या हाती पडेल त्याला या ग्राहकांपुढे कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग घेता आले असते. रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने फेब्रुवारी 2015 मध्ये तिचा पासवर्ड शोधून काढला: ‘कोमोडिया’. हे नाव सुरक्षित पानांत शिरण्याची ही यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचेच होते. याला निष्काळजीपणा म्हणणारे म्हणोत. आम्हाला त्यात प्रांजळपणा दिसतो. शिवाय प्रोग्रॅम काढला तरी प्रमाणपत्र जागच्या जागी राहत असे, इतकी त्याची निष्ठा.

तुमची संमती घेतली नव्हती, असे तर मुळीच समजू नका. खरेदीच्या संकेतस्थळावर प्रथम जाताच एक चौकट उघडत असे, आणि तीत स्पष्ट नकार दिला नाही म्हणजे तुम्ही होकार दिला असे धरले जाई. ग्राहकांच्या हिताची राखण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ही पद्धत पटली नाही. 2017 मध्ये झालेल्या तडजोडीनुसार लेनोवोने तिथल्या 32 राज्यांना 35 लाख डॉलर द्यायचे ठरले, आणि असे सॉफ्टवेअर घालताना ग्राहकाची स्पष्ट परवानगी घेण्याचे बंधन तिच्यावर आले. एवढ्यातेवढ्यावरून लोकांना विचारत बसण्याची ही प्रथा किती वेळखाऊ आहे, याचा विचार कोणी केला नाही.

याच काळात डेल कंपनीने सुपरफिशच्या धास्तीने बिचकलेल्या ग्राहकांना आपल्याकडे मोजकीच आणि तपासून घेतलेली सॉफ्टवेअर असतात असा दिलासा दिला, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये तिच्याच लॅपटॉपांवर ‘ईडेलरूट’ हे प्रमाणपत्र गुप्त किल्लीसकट सापडले. ते ग्राहकसेवेच्या सोयीसाठी होते. नुसते पुसून टाकले तर ते परत येत असे. अशी ग्राहकसेवा आता कोठे राहिली आहे!

एवढे वाचूनही काही हट्टी वाचक म्हणतील की आम्ही सगळे पुसून विंडोज नव्याने बसवू. जरूर बसवा. मात्र लेनोवोच्या काही संगणकांमध्ये ‘लेनोवो सर्व्हिस इंजिन’ हा प्रोग्रॅम फर्मवेअरमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी जागे होणाऱ्या यंत्राच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्येच, मुक्कामाला होता आणि विंडोज कोरे करकरीत बसवले तरी यंत्र सुरू होताना तो कंपनीच्या फायली पुन्हा आणून ठेवत असे. 2015 मध्ये बोभाटा झाल्यावरच तो बंद करण्याची सोय लोकांना कळली. तेव्हा पुसापुशीला हात घालण्यापूर्वी तुमचे फोटो आणि कागदपत्रे तेवढी दुसरीकडे काढून ठेवा, कारण ती परत आणून देण्यासाठी फर्मवेअरमध्ये कोणीही बसलेले नाही.