पोलादाच्या पाचपट मजबूत चमचा?

"झाडांच्या नॅनोतंतूंचं प्लास्टिक आलं! पोलादाच्या पाचपट मजबूत, उकळत्या चहातही टिकतं, मातीत महिन्याभरात नाहीसं. जपानमध्ये तर गाडीही बनली!" हा मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते. शेवटून सुरुवात करते.

गाडी खरी आहे. क्योटो विद्यापीठाच्या पुढाकाराने बनलेली ती गाडी 2019 च्या टोकियो मोटर शोमध्ये ठेवली होती. पण त्यातले बरेच तंतू नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन अशा नेहमीच्याच प्लास्टिकमध्ये घातलेले होते. ते प्लास्टिक कुजत नाही. (कुजणारी गाडी हवीय तरी कुणाला?)

'पाचपट' हा आकडा पोलादाहून हलक्या अशा सुट्या तंतूचा. त्यापासून केलेल्या चमच्याचा नव्हे. मक्यापासून किंवा उसापासून केलेल्या पीएलए या प्लास्टिकमध्ये हे तंतू सहसा थोडे टक्केच मिसळतात, आणि खरी मेख त्या मिसळण्यातच आहे. हे तंतू सेल्युलोजचे, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ, पीएलएला पाण्याचं वावडं. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं की पिठल्याचं जे होतं तेच इथे होतं: गुठळ्या. चमचा मोडायला लागतो तो गुठळीपाशीच. बरं, तंतू आधी वाळवून घ्यावेत, तर ते एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा सुटता सुटत नाहीत. म्हणून ते बहुतेकदा जेलच्या रूपात मिळतात, ज्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आणि पीएलए वितळवताना पाणी राहिलं, की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. घ्या!

चहाचं निम्मं खरं. नुसतं पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. तंतू नीट पसरले तर त्याला आधार मिळतो, स्फटिकही लवकर जमतात, ते उष्णता जास्त सोसतं. काम चांगलं चाललंय, आपल्याकडेही. माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवतात. पण उकळता चहा ओतून बघायची घाई नको.

मातीचं मात्र साफ खोटं. तंतू कुजतील, पण पीएलएला हवा 58 अंशांच्या आसपास तापलेला ओला कंपोस्टचा ढीग, आणि तिथेसुद्धा प्रमाणपत्राच्या चाचणीत मुदत असते सहा महिन्यांची. माझ्या गॅलरीतल्या कुंडीत पुरलेला पीएलएचा चमचा मी वर्षाने उकरून काढला. धुतल्यावर दांड्यावरचं 'कंपोस्टेबल' स्वच्छ वाचता येत होतं.